आयमॅकवरच्या विंडोजमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला आणि पडदा काळा झाला (सांगली)

विश्रामबागकर, मंगळवार रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. तातडीने मदत हवी आहे. विश्रामबागला घरांचे आराखडे करायचं माझं छोटं ऑफिस आहे. मशीन २७ इंची आयमॅक, २०१७ चा, रेडिऑन प्रो ५८० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी. रेव्हिट (आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) मॅकवर चालत नाही म्हणून बूट कँप (मॅकवर विंडोज टाकायची ॲपलची सोय) करून विंडोज १० टाकलंय आणि गेली तीन वर्षं सगळं काम त्यातच चाललंय.

रेंडरिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की 'ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) जुना आहे' अशी पाटी यायची. आज दुपारी चिप बनवणाऱ्या एएमडीच्या साइटवरून आरएक्स ५८० चा ताजा ड्रायव्हर डाउनलोड केला. इन्स्टॉलरने एरर १८२ दाखवून नकार दिला. मग एका व्हिडिओत बघितलं तसं डिव्हाइस मॅनेजरमधून 'हॅव डिस्क' केलं आणि यादीतून आरएक्स ५८० हाताने निवडला. 'हा ड्रायव्हर तुमच्या हार्डवेअरशी जुळेल याची खात्री नाही' असा इशारा आला, तरी मी 'येस' दाबलं. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला. रीस्टार्ट केलं की विंडोजचा लोगो येतो, ठिपके गोल फिरतात आणि पुन्हा काळोख.

परवा सकाळी एका बंगल्याचे नकाशे द्यायचेत. सगळ्या फाइली विंडोजच्या बाजूला आहेत. कार्ड जळालं असेल का?

यवतेश्वर, मंगळवार रात्री १०:०५

सर, कार्ड जळालेलं नाही. लोगो दिसतोय, ठिपके फिरतायत, म्हणजे कार्ड चित्र काढतंय. विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर सोडून तुम्ही निवडलेला उचलतं त्या क्षणी पडदा जातो, एवढंच झालंय.

आधी परवाच्या कामाचं बघू. मशीन बंद करून ऑप्शन की दाबून चालू करा आणि मॅकओएस निवडा. विंडोजमधला ड्रायव्हर मॅकओएसला हात लावत नाही, त्यामुळे ती बाजू नेहमीसारखी उघडेल. डेस्कटॉपवर किंवा फाइंडरमध्ये 'बूटकँप' नावाची डिस्क दिसेल. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर मॅकला लिहिता येत नाही, पण वाचता येतं. बंगल्याचं फोल्डर एक्सफॅट (मॅक आणि विंडोज दोन्हींना चालणारी पद्धत) केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या. वेळ आलीच तर कुणाच्याही विंडोज पीसीवर बसून नकाशे काढता येतील. हे झाल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका. फाइली हातात असल्या की माणूस घाई करत नाही.

विश्रामबागकर, मंगळवार रात्री १०:४०

फोल्डर मिळालं! दोन पेनड्राइव्हवर घेतलं. फार मोठा जीव भांड्यात पडला. आता पुढे काय करू?

यवतेश्वर, मंगळवार रात्री १०:५५

विंडोजमध्ये जा. पडदा काळा झाला की कमांड, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून बघा. मॅकच्या कीबोर्डवर कमांड म्हणजेच विंडोजचं बटण. याने ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो. तुमच्या बाबतीत याने भागेल असं वाटत नाही, पण प्रयोग दहा सेकंदांचा आहे.

नाही झालं तर सेफ मोड, म्हणजे कमीत कमी ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. ठिपके फिरत असताना मागचं पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करायचं. असं लागोपाठ दोनतीनदा झालं की विंडोज स्वतःहून रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर येतं. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. मग आकड्यांची यादी येते. ४ दाबलं की सेफ मोड.

एक गोष्ट आत्ताच विचारतो. कीबोर्ड आणि माउस वायरचे आहेत की ब्लूटूथचे?

विश्रामबागकर, मंगळवार रात्री ११:१०

दोन्ही ब्लूटूथ. ॲपलचा मॅजिक कीबोर्ड आणि मॅजिक माउस.

यवतेश्वर, मंगळवार रात्री ११:१५

मग तिथेच अडकाल. सेफ मोडमध्ये ब्लूटूथ चालत नाही. कीबोर्डला त्याची चार्जिंगची लायटनिंग केबल लावा आणि दुसरं टोक आयमॅकच्या मागे यूएसबीत घाला. केबल लावली की तो साधा वायरचा कीबोर्ड होतो. माउसचं तसं जमणार नाही, त्याचं भोक पोटाखाली आहे, केबल लावलेली असताना तो वापरता येत नाही. शेजारून साधा यूएसबी माउस मागून आणा.

विश्रामबागकर, बुधवार सकाळी ८:२०

काल रात्री समोरच्या झेरॉक्सवाल्या दादांचा माउस आणला, केबल लावली, सेफ मोड मिळाला! पडदा मोठमोठ्या अक्षरांचा, चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं, पण दिसतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडाप्टर्सखाली 'रेडिऑन आरएक्स ५८०' असं नाव आहे. प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण मात्र फिकट, दाबलं जात नाही. जुना ड्रायव्हर आधी काढून टाका असं त्या व्हिडिओत सांगितलं होतं, तसं मी केलं होतं.

यवतेश्वर, बुधवार सकाळी ८:४५

म्हणजे परत जायला मागचा ड्रायव्हरच शिल्लक नाही. हरकत नाही, दुसरी वाट आहे.

त्या आरएक्स ५८० वर राइट क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि 'या डिव्हाइसचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर डिलीट करा' या चौकोनात टिक नक्की करा. टिक करायची राहून गेली तर रीस्टार्टनंतर विंडोज तोच ड्रायव्हर पुन्हा उचलेल. रीस्टार्ट करण्याआधी इंटरनेट तोडा. लॅनची वायर काढा, वायफायचा राउटर बंद ठेवा. कार्ड बिनड्रायव्हरचं दिसलं की विंडोज अपडेट लगेच काहीतरी आणून बसवायला धावतं, आणि आपल्याला आज त्याची निवड नको आहे.

रीस्टार्टनंतर 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' दिसायला हवा. चित्र ओबडधोबड असेल, प्रकाश कमीजास्त होणार नाही. तसं असेल तर बरोबर चाललंय.

मग मॅकओएसमध्ये या, तिथे डाउनलोडपुरतं इंटरनेट चालू करा आणि विंडोजमध्ये परतण्याआधी पुन्हा तोडा. बूट कँप असिस्टंट उघडा. मधल्या खिडकीतलं काही दाबू नका, ते पार्टिशनचं काम आहे. वरच्या मेनूपट्टीत 'ॲक्शन' आहे, त्यात 'डाउनलोड विंडोज सपोर्ट सॉफ्टवेअर'. तुमच्या मॉडेलचा पूर्ण संच येईल. तो पेनड्राइव्हवर घेऊन विंडोजमध्ये या आणि 'बूटकँप' फोल्डरमधलं 'सेटअप' चालवा. ग्राफिक्स, आवाज, कीबोर्ड, प्रकाशाची बटणं सगळं त्यात असतं. फक्त ग्राफिक्स हवं असेल तर आतल्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरमध्ये एएमडीचं वेगळं फोल्डर मिळतं, जुन्या संचांत त्याचं नाव एटीआय असायचं. पण आज पूर्ण संच घाला.

कुपवाडचा_तारवाला, बुधवार सकाळी ९:३०

मध्ये बोलतो, कारण हे कुणी सांगत नाही. दादा, तुमच्या आयमॅकला बॅटरी नसते. ड्रायव्हर बसत असताना लाइट गेली तर अर्धवट बसतो, आणि आज दुपारी वळीव येईल असं आभाळ आहे. ऑफिसात इन्व्हर्टर असेल तर तो कुठल्या मोडवर आहे बघा. बऱ्याच इन्व्हर्टरांना मागे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा ईको. नॉर्मलवर लाइट गेल्यावर पलटी मारायला जो वेळ जातो त्यात पंखा, ट्यूब यांना काही होत नाही, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. यूपीएसवर टाका. त्यातही पाच वर्षांची जुनी बॅटरी असेल तर आयमॅक आणि दोन पंखे एकदम ओढताना व्होल्टेज बसतं. काम चालू असताना पंखे बंद ठेवा. माझं आयुष्य याच दुरुस्त्यांत चाललंय, म्हणून कळकळीने सांगतोय.

विश्रामबागकर, बुधवार दुपारी १२:५०

इन्व्हर्टर नॉर्मलवरच होता! बसवल्यापासून मी ते बटण बघितलंच नव्हतं. यूपीएसवर केला.

सांगितलं तसं सगळं केलं. बेसिक ॲडाप्टर दिसला, मग संच घातला. मध्येच पडदा दोनदा काळा होऊन परत आला, तेव्हा हात थरथरले, पण थांबलो. रीस्टार्ट झालं आणि पडदा पहिल्यासारखा धारदार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रेडिऑन प्रो ५८०'. रेव्हिट उघडलं. यवतेश्वर सर, तारवाले दादा, तुम्हा दोघांचे उपकार विसरणार नाही.

आता नकाशे काढतो. पण संध्याकाळी एक प्रश्न आहे. चिप तीच, एएमडीचीच, मग आरएक्स ५८० चा ड्रायव्हर का चालला नाही?

यवतेश्वर, बुधवार संध्याकाळी ७:१५

नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा पाय घसरतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा, 'डिटेल्स', आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. लांबलचक ओळ दिसेल. 'व्हीईएन' नंतर १००२ असेल, ती एएमडीची खूण. एनव्हिडियाची १०डीई, इंटेलची ८०८६. 'डीईव्ही' पुढचे आकडे चिपचे. इथपर्यंत बाजारातलं आरएक्स ५८० आणि तुमचं कार्ड एकाच घराण्यातलं. पण पुढे 'सबसिस' आहे. त्याचे शेवटचे चार आकडे बघा, १०६बी. ही ॲपलची खूण आहे. म्हणजे चिप एएमडीची, पण ती ज्या पाटीवर (सर्किट बोर्डवर) बसवली, पडद्याशी जोडली, ज्या वेगाला बांधली, ती पाटी ॲपलची.

ड्रायव्हरच्या पुडक्यात एक आयएनएफ फाइल असते. कुठल्या आयडीच्या कार्डावर कुठली मांडणी लावायची हे त्यात लिहिलेलं असतं. एएमडीच्या नेहमीच्या पुडक्यात ॲपलच्या पाट्या नाहीत, म्हणून इन्स्टॉलरने एरर १८२ देऊन तुम्हाला अडवलं. तो नकार म्हणजे राखण होती. 'हॅव डिस्क' करून तुम्ही दुसऱ्याच पाटीची मांडणी स्वतःच्या कार्डावर लावलीत. आयमॅकचा पडदा आतून जोडलेला असतो, मागे एचडीएमआयची वायर घालून तपासायचा नसतो. मांडणी चुकली की चित्र निघतं, पण पडद्यापर्यंत पोचत नाही.

मॅकसाठी एएमडीने बूट कँपची वेगळी पुडकी काढली आहेत आणि आपल्या साइटवर वेगळ्या पानावर ठेवली आहेत. त्यांच्या आयएनएफमध्ये ॲपलच्या पाट्या आहेत. ॲपलच्या संचापेक्षा नवा ड्रायव्हर लागतोच असं असेल तर तिथून घ्यायचा. आधी स्टार्ट मेनूत 'एमएसइन्फो३२' टाइप करून सिस्टिम मॉडेल बघा. तुमच्यात आयमॅक१८,३ दिसेल. पानावर तुमचं मॉडेल आहे का ते त्याच नावावरून ताडायचं, चिपच्या नावावरून नाही.

पोवईनाका, बुधवार रात्री ८:००

यवतेश्वर काकांचं बरोबर आहे, पण थोडी वेगळी बाजू मांडतो. माझा १६ इंची मॅकबुक प्रो आहे, २०१९ चा, रेडिऑन प्रो ५५००एम. मी विंडोजमध्ये गेम खेळतो. बूट कँपसाठी बदल केलेले ड्रायव्हर काही हौशी जाणकार नेटवर देतात, मी ते दोन वर्षं वापरतोय. नवे गेम चालतात, आधी जिथे अडखळायचे तिथे आता अडखळत नाहीत. एकदा मात्र प्रकाशाची बटणं गेली, पूर्ण झगझगाटात खेळावं लागलं, मग जुना टाकला. आणि रिकव्हरीत गेलो तेव्हा लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्डच चालेना, यूएसबी-सीचं अडॅप्टर लावून बाहेरचा कीबोर्ड जोडावा लागला.

यवतेश्वर, बुधवार रात्री ८:३०

पोवईनाका, तुझ्यासारखा परत यायची वाट माहीत असलेला माणूस ते वापरतो तर माझा विरोध नाही. पण आयएनएफ फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी मूळ कंपनीच्या कॅटलॉगची सही (फाइल बदललेली नाही याची डिजिटल खूण) जुळत नाही. मग पुडकं बनवणाऱ्याने स्वतःची काही सोय केलेली असते, किंवा विंडोजची सही तपासायची शिस्त आपल्याला सैल करावी लागते. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो. ज्या मशीनवर दुसऱ्यांच्या घराचे नकाशे आहेत, बँकेचे व्यवहार आहेत, तिथे अनोळखी हाताने बदललेला ड्रायव्हर मी घालणार नाही. आणि 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने झालेत' असं ओरडणारी जी फुकट सॉफ्टवेअरं असतात ती तर मॅकवर कधीच नकोत. त्यांना १०६बी दिसत नाही.

उसाचा_फड, गुरुवार सकाळी ७:४०

माझाही प्रश्न घ्या सर. वाळवा तालुक्यातून लिहितोय. १५ इंची मॅकबुक प्रो, २०१५, कार्ड आर९ एम३७०एक्स. विंडोजमध्ये काम करताना पडदा क्षणभर काळा होतो, परत येतो, आणि उजव्या कोपऱ्यात ड्रायव्हर थांबला होता, आता सुरू झाला असं लिहून येतं. नवा ड्रायव्हर शोधतोय, मिळत नाही.

यवतेश्वर, गुरुवार सकाळी ८:१०

तुमच्या कार्डाची पिढी एएमडीने जून २०२१ मध्ये जुन्या यादीत टाकली. त्या पिढीचा शेवटचा ड्रायव्हर २२.६.१. त्यापुढचं शोधण्यात वेळ घालवू नका.

आणि तुमचं दुखणं ड्रायव्हरचं असेलच असं नाही. विंडोज ग्राफिक्स कार्डाला काम देतं आणि दोन सेकंद उत्तराची वाट बघतं. उत्तर आलं नाही की ड्रायव्हर झटकून पुन्हा सुरू करतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाने त्याची नोंद होते. त्या नोंदींच्या वेळा कागदावर लिहा. मशीन सुरू केल्यावर अर्ध्यापाऊण तासाने, पंखा जोरात असताना येत असतील तर उष्णता बघा. या दोन कार्डांच्या मॅकबुकमध्ये विंडोज चालू असताना इंटेलचं छोटं ग्राफिक्स सहसा बंदच राहतं. साधं टायपिंगही मोठ्या कार्डावर होतं, म्हणून तापतं आणि बॅटरीही लवकर उतरते. तुमच्या घराजवळ साखर कारखाना आहे का?

उसाचा_फड, गुरुवार सकाळी ८:२५

अडीच किलोमीटरवर. गळीत चालू असलं की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते.

यवतेश्वर, गुरुवार सकाळी ८:४०

तीच काजळी पंख्यात बसते. चांगल्या माणसाकडून उघडून घ्या. तेलकट काळा थर असतो, फुंकून जात नाही, ब्रशने काढावा लागतो. उष्णता वाहून नेणारी पेस्टही दहा वर्षांत वाळून खडू झालेली असते, ती बदलायला सांगा. ड्रायव्हर आहे तोच ठेवा.

हळदबाजार, गुरुवार दुपारी २:१०

आमच्या पेढीत एम१ चा मॅकबुक आहे, टॅलीसाठी पॅरलल्समध्ये (मॅकच्या आतच विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज ११ टाकून दिलंय. मलाही ग्राफिक्स ड्रायव्हर बघावा लागेल का?

यवतेश्वर, गुरुवार दुपारी २:३०

नाही ताई. २०२० च्या नोव्हेंबरपासून आलेल्या एम मालिकेच्या (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर बूट कँपच नाही. पॅरलल्समधल्या विंडोजला खरं कार्ड दिसत नाही, बनवलेलं दिसतं, आणि त्याचा ड्रायव्हर पॅरलल्स टूल्सबरोबर येतो. पॅरलल्स अपडेट केलं की तोही होतो. वेगळं काही डाउनलोड करू नका.

विश्रामबागकर, शुक्रवार सकाळी १०:३०

नकाशे वेळेत दिले. काल रात्री निवांत बसून पुढची तयारी केली, ती लिहून ठेवतो.

सिस्टिम प्रोटेक्शन बंद होतं. ते सी ड्राइव्हला चालू केलं आणि 'ड्रायव्हर नीट चालतोय' या नावाने रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर परत जायची खूण) बनवला. टाइम मशीनमध्ये विंडोजची बाजू येतच नाही हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मॅकचा बॅकअप आहे म्हणून मी निर्धास्त होतो. आता विनक्लोन घेऊन विंडोजच्या पार्टिशनची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली. २०१९ च्या महापुरात ऑफिसातली मशीनं टेम्पोत घालून हलवली होती, तेव्हाही ही प्रत नव्हती, हे आठवून अंगावर काटा आला.

विंडोज अपडेटने स्वतःहून ड्रायव्हर आणू नये म्हणून 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' केलं. माझं विंडोज प्रो आहे, म्हणून ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेटखाली 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स' हेही चालू केलं.

नंतर एएमडीच्या बूट कँपच्या पानावर आयमॅक २०१७ साठीचं पुडकं बघितलं, डाउनलोड करून ठेवलं, पण बसवलं नाही. रेंडरिंगवाले 'ड्रायव्हर जुना आहे' अशी जी पाटी दाखवत होते ती बंद करून काम केलं तर चित्रं व्यवस्थित निघतायत. मला अडचण ड्रायव्हरची नव्हतीच, पाटीची होती. सर, बसवावं का?

यवतेश्वर, शुक्रवार सकाळी ११:००

चित्रं नीट निघतायत तर नाही. एखादं सॉफ्टवेअर त्याशिवाय उघडेनासं झालं तर त्या दिवशी बसवा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी काही द्यायचं नसेल असा दिवस निवडा. त्याआधी विंडोज १० चं बघा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट नोंदवले नसतील तर ते नोंदवा, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज ११ ला बूट कँपचा अधिकृत आधार नाही. तुमच्या मशीनला ड्रायव्हरपेक्षा ही चिंता मोठी आहे.

विश्रामबागकर, शुक्रवार सकाळी ११:२०

आजच करतो. झेरॉक्सवाल्या दादांचा माउस परत करून स्वतःचा एक वायरचा आणला, तो लायटनिंग केबलबरोबर आयमॅकच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख चिठ्ठीवर लिहून मशीनच्या मागे चिकटवली.

मिरज_जंक्शन, रविवार रात्री ११:४५

मी पण अगदी इथेच अडकलोय. २७ इंची आयमॅक, २०१९, कार्ड ५८०एक्स, लोगोनंतर काळा पडदा. धागा वाचून फाइली मॅकच्या बाजूने काढून घेतल्या. निळा पडदा आलाय पण बटणं चालत नाहीत.

विश्रामबागकर, रविवार रात्री ११:५२

कीबोर्डला केबल लावा. मागच्या यूएसबीत थेट, हबमधून नको. मग ४.

मिरज_जंक्शन, सोमवार रात्री १२:०६

लागला. चारी कोपऱ्यांत सेफ मोड दिसतंय. राउटर बंद करून येतो.